भावाला बोन मॅरो ट्रान्सप्लांट सांगितलंय: मुंबई, बंगळूर की वेल्लोर? आणि घरी परत कधी?

मयेची_बाई (सोमवार, रात्री ९:४०)
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचून गुपचूप निघून जाते, आज काम घेऊन आलेय.

धाकटा भाऊ, वय ३४, गोव्यात डिचोलीला त्याचं हार्डवेअरचं दुकान. शिगम्याच्या सुमारास ताप आला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि तपासण्यांत एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर (ल्युकेमिया) निघाला. केमोची पहिली फेरी झाली, आता रिमिशन आहे, म्हणजे तपासणीत आजार दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, नुसत्या केमोवर थांबायचं नाही, दात्याच्या पेशी घेऊन ट्रान्सप्लांट करायचं आणि त्यासाठी बाहेर जायचं. कागदावर तीन शहरांची नावं लिहून दिली. हॉटेलात मेनूकार्ड हातात द्यावं तशी.

आम्ही तिघं भावंडं. मोठा दादा दुबईला, मधली मी. घरी आई, वहिनी आणि या भावाची सहा वर्षांची मुलगी. कुठे जावं? किती दिवस? पैसे कुठून उभे करायचे? आणि थोडा रागही आहे. इथे केमो होतं, हार्ट होतं, किडनी बदलतात, मग हेच का होऊ नये?

फोंडेकर
बाई, राग रास्तच. दरडोई उत्पन्नात आपण देशात वरच्या रांगेत, रस्त्यावर माणसांपेक्षा गाड्या जास्त, दर महिन्याला कसला ना कसला महोत्सव. आणि रक्ताचा मोठा आजार झाला की पिशवी भरून रेल्वेत बसायचं. मुंबईत १९८३ साली टाटा मेमोरियलला डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही त्याच दशकात सुरुवात केली. चाळीस वर्षं उलटून गेली. आपण अजून मेनूकार्ड वाटतोय.

खारघर_रिटर्न
बाई, मी सविस्तर लिहितो. २०१९ मध्ये माझ्या मुलाचं झालं. तेव्हा तो अकरा वर्षांचा, ल्युकेमिया उलटून आला होता. आम्ही वाळपईचे.

कुठे जावं हे ठरवताना हॉस्पिटलच्या नावापेक्षा एक गोष्ट बघा: सोबतीला कोण राहणार आणि त्याला तिथे किती महिने काढता येतील. ट्रान्सप्लांट म्हणजे ऑपरेशन नव्हे. आधी आठवडाभर जबर केमो देऊन रुग्णाचा स्वतःचा मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, रिकामा करतात. मग ‘डे झीरो’ला दात्याच्या पेशींची पिशवी सलाइनसारखी चढवतात. तासाभराचा मामला. माझी बायको म्हणाली, एवढंच? एवढ्यासाठी शेतजमीन गहाण टाकली?

खरं काम त्यानंतर सुरू होतं. नव्या पेशी रुजायला दोन ते चार आठवडे, तोवर बंद खोली. डिस्चार्ज मिळाला तरी शंभराव्या दिवसापर्यंत हॉस्पिटलजवळच राहायचं, कारण ताप आला तर तासाभरात दारात पोचायला हवं. मडगावला कोकणकन्येत बसून दुसऱ्या दिवशी पोचू, असं चालत नाही. आम्ही नवी मुंबईत खारघरला पाच महिने होतो. कोकणकन्या पनवेलला थांबते, तिथून लोकलने तिसरं स्टेशन. तेवढीच काय ती सोय.

पोराला बाहेरचं बंद, कच्चं बंद, दही बंद, सगळं ताजं आणि नीट शिजवलेलं. त्याला हवी उकड्या तांदळाची पेज आणि त्यावर खारातली तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कोवळी कैरी. तोर मिळणार नाही म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपायचा. भाड्याच्या खोलीत एक शेगडी, तीन लिटरचा कुकर. पेजही आई कुकरातच करायची आणि डबा झाकून, दोन पिशव्यांत घालून पावणेबाराला निघायची. पावसात त्या रस्त्यावर रिक्षा मिळत नसे. शेवटी एक रिक्षावाला रत्नागिरीकडचा निघाला, तो रोज यायला लागला. पैसे घेई, पण थांबून राही.

खर्च: पॅकेज १४ लाख सांगितलं होतं, घरी आलो तेव्हा हिशेब २१ वर गेला. त्यात माझा बुडालेला पगार धरलेला नाही.

जांभळी_नळी
मी लॅबमधली आहे, एचएलएबद्दल, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांबद्दल लिहिते. जुळणी रक्तगटावर होत नाही. आईकडून एक संच येतो, बापाकडून एक. त्यामुळे एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तुम्ही दोघं आहात, म्हणजे दोघांपैकी निदान एक तरी जुळेल ही शक्यता साधारण ४४ टक्के. अर्ध्याच्या आतच, पण वाईट नाही. आई आणि भावाची मुलगी अर्ध्या जुळणारच. अर्ध्या जुळणीवर, म्हणजे ‘हाप्लो’वर, आता पुष्कळ ठिकाणी ट्रान्सप्लांट करतात. लहान मुलीचा विचार अर्थातच कोणी आधी करणार नाही.

दादाला दुबईहून बोलवायची घाई करू नका. तपासणीला गालाच्या आतून घेतलेला बोळाही चालतो. सेंटरला विचारा, ते किट पाठवतात का.

वास्को_आजोबा
माझं २०२१ मध्ये झालं. मायलोमा, हाही रक्ताचाच एक कॅन्सर. पण माझ्याच पेशी काढून मलाच परत दिल्या, म्हणून मी या धाग्यात लिंबूटिंबू. बावीस दिवसांत सुटलो. मेलफॅलान हे केमोचं औषध चढवताना तोंडात बर्फाचे तुकडे चघळायला देतात, म्हणजे तोंड कमी सोलवटतं. सिस्टरला म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदाच बर्फ मिळाला आणि सोबत काही नाही. ती केरळची होती, हसली. विनोद कळला की नाही, देव जाणे.

सांग्याचो_पावस
आजोबा, सोबत फेणी काजूची की माडाची?

वास्को_आजोबा
हुर्राक. सीझन होता.

नाईट_ड्युटी
मी सहा वर्षं बंगळुरात ट्रान्सप्लांट युनिटमध्ये नर्स होते, आता मडगावला असते. फोंडेकरांशी माझं पटत नाही, म्हणून लिहिते.

युनिट म्हणजे हवा गाळणाऱ्या हेपा फिल्टरच्या चार खोल्या नव्हेत. त्या बांधता येतात, फीतही कापता येते. पण रक्तपेढीत मध्यरात्री एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर घेतलेल्या प्लेटलेट्स हव्यात, त्याही किरणांचा मारा देऊन. बुरशीचं आणि सीएमव्ही या विषाणूचं निदान वेळेत करणारी लॅब हवी. आणि जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर उठणं, हे अंगावरच्या पहिल्या चार पुरळांवरून ओळखणारी नर्स हवी. ती नजर पुस्तकातून येत नाही. शंभर रुग्ण पाहिले की येते. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख. दात्याकडून घ्यायचं ट्रान्सप्लांट लागणारे रुग्ण वर्षाला किती निघतील? महिन्याला एकसुद्धा केस आली नाही, तर हात बसायचा कसा? माझा भाऊ असता तर मी त्याला मुंबईलाच नेलं असतं.

फोंडेकर
म्हणजे लहान राज्यात जन्मलो ही आमची चूक?

नाईट_ड्युटी
असं मी कुठे म्हटलं? आजोबांसारखं स्वतःच्या पेशींचं ट्रान्सप्लांट इथे व्हावं, जरूर व्हावं. त्यात जीव्हीएचडी नाही, धोका कमी, आणि मायलोमाचे रुग्ण जास्त असतात. सुरुवात तिथूनच करतात सगळीकडे. माझं म्हणणं दात्याच्या पेशींपुरतं.

सांग्याचो_पावस
सिस्टर, पण हेच गणित ईशान्येतल्या एखाद्या छोट्या राज्याला लावा. तिथला माणूस कोलकात्याला किंवा वेल्लोरला दोन-तीन दिवसांच्या गाडीने येतो. आपल्याला निदान रात्रीत मुंबई गाठता येते. रुग्ण नाहीत म्हणून सेंटर नाही, सेंटर नाही म्हणून रुग्ण निघून जातात नाहीतर घरीच संपतात, आणि मग मोजायला बसलं की रुग्ण दिसतच नाहीत. जगभरची गोष्ट हीच. २०१२च्या डिसेंबरात जगात दहा लाखावं ट्रान्सप्लांट झालं, त्यातली बहुतेक श्रीमंत देशांतली. गरिबांच्या देशांत हा आजार कमी असतो थोडाच?

सावंतवाडी_मेल
गोंयकारांनो, तुमचा धागा वाचून गंमत वाटली. तुम्ही बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातून मुंबईला जावं लागतं म्हणून रडता. आम्ही सिंधुदुर्गवाले आधी बांबोळीला येतो, मग तिथून मुंबईला! २०१८ मध्ये परराज्यातल्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झालं तेव्हा आमच्याकडे केवढा गदारोळ. आमच्या शेजारच्या मुलाला पांढऱ्या पेशींचा आजार. बाप आंब्याच्या कलमांवर कामाला. तो ट्रान्सप्लांट हा शब्द ऐकून दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, ‘तेच्यापेक्षा इंजेक्शनां वाढवक् येतत काय?’ ते पुढे कुठेच गेले नाहीत. तो मुलगा तुमच्याही यादीत नाही, आमच्याही नाही.

मयेची_बाई
सावंतवाडी_मेल, वाचून गप्प झाले.

पेडण्याची_पोर
दात्यांबद्दल थोडं. कॉलेजात असताना आम्ही दाता नोंदणीचं शिबिर घेतलं होतं. अठरा ते पन्नास वयाचं कोणीही निरोगी माणूस, गालातून बोळा फिरवायचा, फॉर्म भरायचा, झालं. जगभरच्या नोंदवह्यांत चार कोटींच्या वर दाते आहेत, पण त्यात भारतीय अगदी मूठभर. आणि जुळणी बहुधा आपल्याच वंशाच्या माणसांत सापडते. अमेरिकेतल्या नोंदवहीचंच बघा: गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७९ टक्के, आफ्रिकी वंशाच्याला २९. आपल्याकडे तर शतकानुशतकं जातीतल्या जातीत लग्नं. म्हणजे गोव्यातल्या एखाद्या लहान समाजातल्या रुग्णाचा दाता गोव्यातूनच नोंदला जायला हवा. दिल्लीतल्या शिबिराचा त्याला काय उपयोग?

माझी मैत्रीण फिलोमिना तेव्हा म्हणाली होती, ‘आमी धर्म बदललो, एचएलए थोडोच बदललो!’ खरंच, चारशे वर्षांपूर्वीपर्यंत एकाच कुळातले आम्ही. तिचे निम्मे नातेवाईक लिस्बन आणि स्विंडनला. कोणाचा दाता कुठल्या देशातल्या नोंदवहीत बसलाय, सांगता येत नाही.

वाईट आठवणही आहे. शिबिरात नोंदलेल्या एका मुलाला तीन वर्षांनी फोन आला, जुळणी निघाली म्हणून. तोवर त्याचं लग्न ठरलेलं. सासरच्यांनी सांगितलं, मणक्यातून पाणी काढतात, उद्या खाटेवर पडला तर? नाही म्हणाला. पलीकडे कोण होतं ते त्याला कळलंही नाही, आम्हालाही नाही.

जांभळी_नळी
मणक्याचा काही संबंध नाही! पाच दिवस इंजेक्शनं घ्यायची, अंग आणि हाडं दुखतात, पॅरासिटामॉलने भागतं. मग मशीनवर चार-पाच तास बसायचं. एका हातातून रक्त जातं, पेशी गाळून दुसऱ्या हातातून परत येतं. कधी थेट मॅरो घेतात, पण तो कमरेच्या हाडातून, भूल देऊन.

आबोली_७
मध्येच विचारते, राग मानू नका. मी सहा महिन्यांची गरोदर आहे. नाळेचं रक्त साठवून ठेवा म्हणून रोज फोन येतोय, बाळाचा विमा म्हणे. हा धागा वाचून घाबरले. ठेवू का?

जांभळी_नळी
घाबरून ठेवू नका. बाळाला पुढे थॅलेसेमिया, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार निघाला तर त्याच्याच नाळेच्या रक्तातही तोच दोष असणार, मग ते उपयोगाचं नाही. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनेही विमा म्हणून खासगी बँकेत ठेवण्याची शिफारस केलेली नाही. घरात आधीच एखादं मूल असा आजार घेऊन असेल तर गोष्ट वेगळी. त्यापेक्षा तुमची आणि नवऱ्याची एचबीए-टू तपासणी, म्हणजे थॅलेसेमियाचे वाहक आहात का ते सांगणारी, झालीय का, ते विचारा. ती स्वस्त आहे आणि कामाची आहे.

संपादक_मंडळ
विषयाला धरून लिहा ही विनंती. (हुर्राकचे नऊ प्रतिसाद हलवून ‘खाऊगल्ली’त टाकले आहेत.)

देसायांचा_हिशेब
बाईंचा पैशांचा प्रश्न तसाच राहिला. मी मेव्हण्याच्या वेळी ही कागदपत्रं केली आहेत. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डावर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. एवढ्या मोठ्या खर्चात ते दोन आठवड्यांत संपतं. दुसरी राज्याची मेडिक्लेम योजना. तिला गोव्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं आणि उपचार इथल्या सरकारी हॉस्पिटलात होत नाहीत असा दाखला लागतो. म्हणजे ज्या ‘इथे होत नाही’ वाक्यावर बाई चिडल्या, तेच वाक्य सही-शिक्क्यासह मिळवायचं. निघण्याआधी मिळवा! मेव्हण्याचा दाखला आम्ही मागाहून करायला गेलो. एका कचेरीत सही होती तर शिक्का नव्हता, शिक्का आला तोवर साहेब चवथीला गावी गेलेले. सतरा दिवस.

शिवाय पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीला अर्ज करा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीला पूर्ण सूट, सोबतच्याला पाऊण. फॉर्मवर डॉक्टरांची सही हवी. कोल इंडियाची दहा लाखांपर्यंतची मदत आहे, पण ती थॅलेसेमियासारख्या आजारांच्या मुलांसाठी. तुम्हाला लागू नाही, कोणी वाचत असेल तर लक्षात ठेवा.

फोंडेकर
एकाही योजनेत खोलीभाडं नाही, हे लिहायला विसरलात. औषध सरकार देईल, पण पाच महिने खारघरला तंबू ठोकायचा का?

देसायांचा_हिशेब
खरंय. रुग्ण मूल असेल तर सेंट ज्यूडच्या केंद्रांत राहायची फुकट सोय होते, खारघरलाही आहे. मोठ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर. पण ट्रान्सप्लांटनंतर गर्दीत ठेवत नाहीत, स्वतंत्र खोलीच घ्यावी लागते.

वेल्लोर_वारी
वेल्लोरबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. आम्ही बहिणीला नेलं होतं. रक्तविकार विभाग आता शहरातल्या जुन्या आवारात नाही, राणीपेटच्या कँपसला आहे. गोव्याहून बंगळूर, तिथून काटपाडी, हे वेल्लोरचं स्टेशन. हिशेब चोख, डॉक्टर वेळ देतात. भाषेची भीती नको, बंगाली रुग्ण इतके की लॉजवाले हिंदी सोडा, बंगालीसुद्धा बोलतात. कोकणी मात्र नाही. मासे मिळतात, आपल्यासारखे नाहीत.

खारघर_रिटर्न
काल अर्धवट राहिलं ते लिहितो, कारण बाईंच्या मथळ्यातला शेवटचा प्रश्न कोणी घेतलाच नाही. घरी परत कधी?

आम्ही शंभर दिवस भरून वाळपईला आलो तेव्हा वाटलं, सुटलो. पण औषधं चालूच होती. दात्याच्या पेशींना आवरून धरणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी दर आठवड्याला बघायची. ते रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यावं लागतं. म्हणजे पहाटे पाचला निघायचं, पोराची गोळी माझ्या शर्टाच्या खिशात, आणि लॅब उघडेपर्यंत तो गाडीत झोपलेला. जांभळ्या टोपणाची नळी भरली की मी तिथेच खिशातून गोळी काढून द्यायचो. नळी तिथून कुरियरने मुंबईला, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी. तोवर डोस बरोबर की चूक ते कोणाला ठाऊक?

एका रात्री त्याला १०२ ताप. चाळीस मिनिटांची गाडी, इमर्जन्सीत नवा मुलगा-डॉक्टर. प्लेटलेट्स कमी निघाल्या, त्याने लगेच पिशवी मागवली. माझ्याकडे मुंबईने दिलेलं लॅमिनेट केलेलं पत्र होतं: फक्त इरॅडिएटेड, म्हणजे किरणांचा मारा दिलेलीच पिशवी. साध्या पिशवीतल्या जिवंत लिम्फोसाइट्स, म्हणजे दात्याच्या पांढऱ्या पेशी, अशा रुग्णाच्या जिवावर उठू शकतात. तो म्हणाला, असं काही आमच्याकडे नाही. रात्री दीडला मी, दहावी शिकलेला माणूस, डॉक्टरला सांगतोय, ही पिशवी लावू नका, आधी या नंबरवर फोन करा. त्याने केला, हे त्याचं मोठेपण. पलीकडून कोणी उचललं नसतं तर? पुढल्या प्रत्येक तापाला आम्ही थेट मुंबईची गाडी केली. बारा-तेरा तास, मागच्या सीटवर पोर.

म्हणून माझं मत सिस्टरच्या बाजूने आहे, पण थोडं वेगळं. ट्रान्सप्लांट मुंबईत झालं याचं मला दुःख नाही. परत आल्यावर इथे कोणी आमचा नव्हता याचं आहे. त्या हॉस्पिटलशी रोज बोलणारा एक डॉक्टर, टॅक्रोलिमसची तपासणी आणि किरणांचा मारा दिलेलं रक्त, एवढं गोव्यात असतं तर आम्ही साठाव्या दिवशी घरी आलो असतो. त्याला इमारत लागत नाही.

नाईट_ड्युटी
हेच लिहायला मला जमत नव्हतं. बंगळुरात आम्ही डिस्चार्ज समरी आठ पानांची द्यायचो. पुढे ती कोण वाचतं, याचा विचार कधी केला नाही.

फोंडेकर
इमारत लागत नाही म्हणूनच होत नसेल. पण मुद्दा पटला, माझे शब्द अर्धे मागे. अर्धे ठेवतो.

सांग्याचो_पावस
काका, तुमचीही हाप्लो मॅच झाली म्हणायची.

वास्को_आजोबा
खारघर_रिटर्न, पोर कसं आहे आता?

खारघर_रिटर्न
मिशा फुटायला लागल्यात. दाता त्याची मोठी बहीण. त्याचा रक्तगट बी होता, आता तिचा ओ झालाय. भांडण झालं की ती म्हणते, माझं रक्त परत दे. लहानपणीच्या लसीही पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागल्या, त्यावरून ती त्याला ‘बाळ’ म्हणते. खारातली तोर वर्षभराने मिळाली. अख्खी बरणी पुढ्यात घेऊन बसला होता.

मयेची_बाई (तीन आठवड्यांनंतर)
सगळ्यांना देव बरें करूं.

दादा अर्धाच जुळला. मी पूर्ण. रिपोर्ट शाळेत असताना फोनवर आला, सातवीचा वर्ग चालू होता. मुलांना धडा वाचायला सांगून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

मुंबईच ठरवलीय, कारण वहिनीची मावशी पनवेलला आहे आणि आईला हिंदी येत नाही. दाखला सही-शिक्क्यासह हातात आहे, देसाई, तुमच्यामुळे. भाची माझ्या नवऱ्याजवळ राहील. तो तिला वेणी घालायला शिकतोय. सासूबाईंनी मणक्याचा विषय काढला होता, जांभळी_नळी यांचा प्रतिसाद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, बरं, मग पाच दिवस तुला शिरा करून देईन.

इथल्या डॉक्टरांना खारघर_रिटर्न यांचा प्रतिसाद छापून दिला. परत आल्यावर पातळीची तपासणी आणि रक्त कुठे मिळेल ते आत्ताच लिहून द्या म्हटलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. विचारून सांगतो म्हणाले. बघू.

पुढच्या गुरुवारी कोकणकन्येचं तिकीट आहे, थिवीहून. खोली मिळाली, शेगडी आहे, कुकर नाही.

खारघर_रिटर्न
कुकर विकत घेऊ नका. आमचा तिथल्या घरमालकिणीकडे ठेवून आलोय, पुढच्या गोंयकाराला द्या म्हणून. नंबर निरोपात पाठवतो. शिट्टी मात्र नवी न्या, तिची शिट्टी हरवलीय. आई दोरीने वजन बांधायची.